बंद करू नये

एक्स-रे विभागाच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. पंखा होता, पण त्याचं तोंड खुर्चीकडे नसून कॉम्प्युटरकडे होतं, कारण त्या खोलीत माणसाला उकडलं तर चालत असे, कॉम्प्युटरला उकडून चालत नसे. कॉम्प्युटरच्या कपाळावर जाड अक्षरांतली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘बंद करू नये.’ अक्षर फिल्मकाकांचं.

काकांचं हे नाव जुन्या काळातलं. तेव्हा एक्स-रेच्या फिल्मा ओल्याच्या ओल्या तारेवर वाळत घालाव्या लागत आणि ते काम त्यांच्याकडे होतं. फिल्मा गेल्या, सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं, काकांचे केस गेले, नाव तेवढं राहिलं. आता हॉस्पिटलात निघालेला प्रत्येक स्कॅन सांभाळून ठेवायचा आणि कुणी डॉक्टरने जुना मागितला की शोधून द्यायचा, हे त्यांचं काम. चालू वर्षाचे स्कॅन कॉम्प्युटरच्या पोटात असत. त्याआधीचे हार्ड डिस्कवर, आणि त्या डिस्का लोखंडी कपाटात, वर्षवार ओळीने. जागा वाचवायला काकांनीच तीन-तीन महिन्यांच्या स्कॅनचं एकेक गाठोडं बांधून ठेवलं होतं. आतला एक स्कॅन हवा असला तरी गाठोडं आधी अख्खं उतरवून घ्यावं लागे, मग त्याची गाठ सुटे. पण त्याला दहा मिनिटं लागत. दहा मिनिटांबद्दल कोण तक्रार करणार?

चिठ्ठीमागेही इतिहास होता. सहा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर एकदा साफसफाईसाठी बंद केला आणि तो पुन्हा उठेना. तीन दिवस अपघात विभागातले डॉक्टर आंधळ्यासारखे काम करत होते. सात नंबरच्या खाटेवरच्या एका माणसाच्या मेंदूचा स्कॅन कुणालाच पाहता आला नाही, आणि तो माणूस गेला. स्कॅन दिसला असता तरी गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. काकांचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. तेव्हापासून विभागप्रमुख मॅडमचा हुकूम, की हे यंत्र बंद करायचं नाही. काकांनी तो कागदावर उतरवला आणि स्वतःच्या हाताने चिकटवला.

आता गंमत अशी की डिस्क बदलायची तर कॉम्प्युटर आधी बंद करायचा, असा नियम असतो. आणि बंद तर करायचा नाही. या दोन्हींच्या मधून काकांनी आपली वाट काढली होती. चालत्या कॉम्प्युटरमधून एक डिस्क ओढायची आणि दुसरी सरकवायची, तीही इतकी अलगद की, “त्याला कळूसुद्धा देत नाही,” असं ते छाती फुगवून सांगत. शिकाऊ डॉक्टर ते बघायला येत. काकांचा हात हलका, अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात काकांचा स्वतःचा हात मुळीच हलका नव्हता.

त्या बुधवारी वरच्या मजल्यावर, बाराव्या खाटेवर, काकांची ताई होती.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. गावातल्या पोहण्याच्या तलावावर चाळीस वर्षं पोहायला शिकवत होती. निम्म्या गावाला तिने पाण्यात ढकललं होतं आणि सगळ्यांना बाहेरही काढलं होतं. लहानपणी ती पाण्याखाली बुडी मारून बसायची आणि काकांना काठावर उभं करायची. “मोज रे छोट्या,” एवढं बोलून ती गडप व्हायची. छोट्या मोजायचा. एकशे चाळीस हा तिचा आकडा. शंभरच्या पुढे छोट्याला रडू फुटायचं, पण तो रडत रडत मोजायचा, कारण मोजणं थांबवलं तर ती वर येणारच नाही अशी त्याची समजूत होती.

महिन्याभरापूर्वी खोकल्याचं निमित्त झालं, स्कॅन काढला आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी एक डाग दिसला. सुईने तुकडा काढावा तर जागा अवघड. मोठा सर्जन या हॉस्पिटलात पंधरा दिवसांतून एकदा, बुधवारी येत असे. सकाळी दहाला त्याने ताईला तपासलं, स्कॅनची पेशंटला छापून देतात ती फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, “यांचा आधी कधी छातीचा स्कॅन झालाय?”

“चार वर्षांपूर्वी,” ताईच म्हणाली. “तलावाच्या कठड्यावर आपटले होते. बरगडी मोडली होती.”

“त्याच्या फिल्मा आहेत?”

ताईने मान फिरवली. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घसा खाकरला. “तलावाच्या तिकीटखिडकीची काच फुटली होती ना, तर हिने तिथे लावल्या त्या. ऊन अडतं म्हणून.”

सर्जनला हसू आलं. पण पुढचं तो हसून बोलला नाही. “हे बघा. चार वर्षांपूर्वीही हा डाग असाच, एवढाच असेल, तर तो कसला तरी जुना व्रण आहे. मी सुरीसुद्धा लावणार नाही, आज घरी जा. तेव्हा तो नसेल, किंवा होता की नव्हता हे कळलंच नाही, तर मी धोका पत्करणार नाही. साडेतीनला यांना आत घेतो. तळाचा भाग काढावा लागेल.”

“श्वासाचं?” ताईने विचारलं.

“रोजच्या जगण्याला काही अडणार नाही. पाण्याखालच्या कसरती मात्र विसरायच्या.”

“मी दाखवतो,” काका म्हणाले. “अर्ध्या तासात जुना स्कॅन तुमच्या हातात देतो.”

“तीनपर्यंत दिलात तरी चालेल,” सर्जन म्हणाला. पण काका अर्धा तास बोलून गेले होते.

खाली येऊन त्यांनी कपाट उघडलं, चार वर्षांपूर्वीची डिस्क काढली आणि नेहमीप्रमाणे चालत्या कॉम्प्युटरमधली आधीची ओढून ही आत सरकवली. नेहमी एक बारीक ‘टक’ ऐकू येई. आज दोनदा आलं. काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. गाठोडं उतरवायला लावलं, आणि स्क्रीनवर आलं: उरलेला वेळ, चाळीस मिनिटं.

चाळीस? नेहमीची दहा कुठे गेली?

इथे गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. चाळीस मिनिटांनी गाठोडं उतरलं असतं, साडेअकराला काका वर गेले असते, आणि संध्याकाळी ताई तलावावर पोरांवर खेकसत असती. पण अर्धा तास म्हटलं होतं ना! आणि हात हलका होता ना! डिस्क नीट बसली नसेल, असं म्हणून काकांनी उतरणं थांबवलं, डिस्क ओढली आणि पुन्हा, जरा जोर लावून, आत ढकलली.

उरलेला वेळ, सहा तास दहा मिनिटं. घड्याळात दहा पन्नास झाले होते.

काकांना वाटलं, आकडा चुकलाय. असे आकडे सुरुवातीला काहीही बोलतात. ते पाच मिनिटं थांबले. उरलेला वेळ, सहा तास पाच मिनिटं. आकडा प्रामाणिक होता.

दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क लावावी तर नव्या कॉम्प्युटरांना हिची रुंद चपटी केबल बसत नव्हती. अख्ख्या इमारतीत ही डिस्क वाचू शकणारा एवढा एकच उरला होता. काकांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“चालू असताना ओढलीत?” दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“नेहमीच ओढतो.”

“नेहमी ओढता आणि नेहमी वाचता. आज नाही वाचलात. बघा काका, अशी ओढाओढ झाली की त्याला वाचताना ठेचा लागतात. चार ठेचा लागल्या की तो वेग कमी करतो. अजून लागल्या की अजून कमी करतो. शेवटी रांगायला लागतो. आणि एकदा रांगायला लागला की आपणहून उठत नाही.”

“मग उठवू कसा?”

“सोपं आहे. बंद करा, डिस्क नीट बसवा, तीस मोजा, चालू करा. मागच्या ठेचा तो विसरतो.”

“बंद?”

“बंद.”

काकांनी कपाळावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. अक्षर चांगलं वळणदार होतं, पूर्वी त्यांना त्याचा अभिमान वाटे.

मॅडमच्या खोलीत ते हात जोडूनच गेले. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

“दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम.”

“मागच्या वेळीही दोन मिनिटांचंच होतं.”

“माझी सख्खी बहीण आहे हो.”

“ठाऊक आहे मला. माझ्या मुलीला पोहायला त्यांनीच शिकवलंय.” मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. “पण आत्ता खाली तीन जण स्कॅनसाठी थांबलेत. एकाचं तोंड वाकडं झालंय, डोक्यात रक्त साकळलंय की काय बघायचंय. हा बंद झाला आणि उठलाच नाही तर त्याच्या बहिणीला मी काय सांगू? तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तसं करते.”

काकांना सात नंबरची खाट आठवली. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. यालाच हात टेकणं म्हणत असावेत.

मग ते खुर्चीत येऊन बसले, आणि बसूनच राहिले. जगातलं सगळ्यात निरुपयोगी काम काय असेल तर टक्के बघत बसणं. बघितल्याने ते वाढत नाहीत आणि न बघता राहवत नाही. साडेबाराला सत्तावीस. एकला पस्तीस. दाजी दर अर्ध्या तासाने दारात येत, काही न विचारता उभे राहत, आणि काकांनी मान हलवली की परत जात. पंखा कॉम्प्युटरला वारा घालत होता. काकांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. एकदा तर त्यांनी कॉम्प्युटरवरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाले, “चल रे. आजच्या दिवस चल.” तो चालतच होता. आपल्या गतीने.

दोन चाळीसला त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

नुसतं ठेवलं. मॅडम जेवायला गेल्या होत्या. नुसतं दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तीस मोजायचे, चालू करायचा, दहा मिनिटांत स्कॅन हातात. नाही उठला तर? तर वीज गेली होती म्हणायचं. काकांनी मनातल्या मनात खोटंसुद्धा तयार केलं. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. अपघात विभागातून डॉक्टर बोलत होता. “काका, जिन्यावरून पडलेली एक बाई आहे, डोक्याचा स्कॅन काढलाय, आला का तुमच्याकडे? लवकर दाखवा.”

बोट काढून काकांनी तो स्कॅन पाठवला. तो एका क्षणात गेला. नव्या कामात हा गडी अजून तरबेज होता.

तीनला टक्के सदुसष्ट होते. काका रिकाम्या हातांनी वर गेले.

ताईला हिरवा झगा चढवून तयार ठेवलं होतं. सर्जनने घड्याळ बघितलं. काका म्हणाले, “पाचपर्यंत येतोय. नक्की येतोय. तेवढं थांबा ना.”

“पाचला सुरू करून कसं चालेल? सातला मी दुसऱ्या गावी असायला हवा. तिथेही एक जण उपाशीपोटी थांबलाय.”

“मग पंधरा दिवसांनी करा.”

“करतो की. पण ती गाठ असली आणि पंधरा दिवसांत पसरली, तर ते कुणाच्या डोक्यावर? तुमच्या घेणार?”

काका ताईकडे वळले. ते मोठ्या आशेने वळले होते, कारण लहानपणापासून कुठेही अडलं की ती सोडवत आली होती. या वेळी तिचे हात थंड होते.

“छोट्या, आज होऊन जाऊ दे,” ती म्हणाली. “महिनाभर झोपले नाहीये रे मी. अजून पंधरा दिवस ते घेऊन नाही जगायचं मला.”

“ताई, दोन तासांचा प्रश्न आहे.”

“तुझ्या अर्ध्या तासाचे पाच तास झाले,” ती म्हणाली, आणि रागावली नाही, गालावर चापट मारून हसली. तिला ढकलत नेलं. दार मिटलं, वरचा लाल दिवा लागला. दाजी बाकावर बसले. काका खाली पळाले, कारण आत सुरुवात व्हायला अजून थोडा वेळ असतो, हे त्यांना माहीत होतं. ते पोचले तेव्हा टक्के त्र्याहत्तर होते.

चार पंचवीसला एक्क्याण्णव झाले आणि थांबले. मग स्क्रीनवर एक पांढरी चौकट आली: पुढचा भाग वाचता येत नाही. उतरवणं रद्द.

काका ओरडले नाहीत. त्यांनी चौकटीतली ओळ तीनदा वाचली. गाठोडं एक्क्याण्णव टक्के उतरलं काय आणि अजिबात नाही उतरलं काय, सारखंच होतं. बांधलं होतं त्यांनीच तसं.

पावणेपाचला मॅडम आल्या. “बाहेरची रांग संपली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “अपघात विभागालाही सांगितलंय, तासभर कुणी नाही पाठवणार. आता बंद करून बघा.”

“आता काय उपयोग?”

“अजून आतच आहेत त्या. काय सांगता येतं.”

काकांनी बटण दाबून धरलं. सहा वर्षं घोंघावणारी खोली एकदम मुकी झाली. इतकी, की बाहेर व्हरांड्यात चाललेली ढकलगाडी ऐकू आली. त्यांनी डिस्क काढली, बोटाने केबल चाचपली, नीट बसवली. एकदाच ‘टक’ झालं. मग ते मोजायला लागले. एक, दोन, तीन. तीसवर त्यांनी बटण दाबलं.

कॉम्प्युटर उठला. कुरकुर नाही, रुसवा नाही. दोन मिनिटांत शहाण्यासारखा सगळी कामं मांडून बसला. गाठोडं उतरवायला लावलं. उरलेला वेळ, नऊ मिनिटं.

त्या नऊ मिनिटांत काकांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. “चालू झाला,” ते म्हणाले.

“होणारच की. का नाही होणार?”

“मागच्या वेळी तीन दिवस...”

“अहो, मागच्या वेळी आतला वीज पुरवणारा डबा जळाला होता. नवीन मिळायला तीन दिवस लागले. तो तर मी तेव्हाच बदलला. त्यानंतर हा रोज बंद केला असता तरी काही झालं नसतं.”

“मग तू सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, काही कारण असेल तुमचं. चिठ्ठी वगैरे लावलीत.”

पाचला गाठोडं उतरलं, गाठ सुटली. काकांनी ताईचा जुना स्कॅन उघडला. मोडलेली बरगडी दिसली. तिथून ते फुप्फुसात खाली खाली उतरत गेले, आणि उजव्या तळाशी तो होता. डाळीच्या दाण्याएवढा. त्यांनी माप घेतलं: सात मिलिमीटर. शेजारी महिन्यापूर्वीचा स्कॅन लावला: सात मिलिमीटर. चार वर्षांत तो केसभरही वाढला नव्हता. मॅडमनी पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

काका कागद छापून घेऊन जिन्याने धावले. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दम तुटला. ते वर पोचले तेव्हा लाल दिवा विझलेला होता, सर्जन मास्क गळ्यात अडकवून दाजींशी बोलत होता, आणि दाजी रडत होते. आनंदाने.

“साधा निघाला!” दाजींनी काकांना मिठीच मारली. “गाठ नव्हतीच रे! जुना कसला तरी व्रण!”

“नशीबवान आहेत,” सर्जन म्हणाला. “काढलेला तुकडा लगेच तपासून घेतला, आता विषय संपला.” त्याने काकांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग त्याने घड्याळ बघितलं आणि तो निघून गेला.

काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. दोन दिवस तो खिशातच होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण अभिनंदन करत होता आणि काका मान डोलावत होते. त्यांना कुणी दोष दिला नाही. कुणी दिला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी ताई उशांना टेकून बसली. कुशीतून एक नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. दाजी औषधं आणायला गेले होते.

“तुझं ते जुनं चित्र मिळालं का रे शेवटी?” तिने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. तपासायला कोण येणार होतं? “मिळालं,” काका म्हणाले.

“मग? होता?”

“होता. तेवढाच. तसाच.”

ताईने छताकडे पाहिलं. बाटलीत बुडबुडे येत होते.

“किती वेळ लागला मिळायला?”

काकांनी सगळं सांगितलं. पहिल्या वेळची चाळीस मिनिटं सांगितली, दुसऱ्यांदा ढकललेली डिस्क सांगितली, बटणावर ठेवलेलं बोट सांगितलं. “आणि बंद करून चालू केल्यावर,” ते म्हणाले, “नऊ मिनिटं.”

“नऊ,” ताई म्हणाली. “मला तुझा फार राग आलाय छोट्या. एवढ्यात जायचा नाही तो. पण तू जाऊ नकोस. बस इथेच.”

काका बसून राहिले. थोड्या वेळाने तिने कुशीवर हात दाबून धरला, जमेल तेवढा श्वास आत घेतला आणि डोळे मिटले.

“मोज,” असं ती म्हणाली नाही. बोटाने नुसती खूण केली.

काका मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. अकरावर तिचा श्वास सुटला. ती धापा टाकत होती आणि काका थांबायचं विसरून पुढे मोजतच होते.